मत्स्यशोधक यंत्र आणि विजेची वाट

कोकणच्या किनाऱ्यावरून पहाटे निघालेली मासेमारीची नाव खोल पाण्यात पोहोचते, तेव्हा डिझेल, बर्फ आणि खलाशांचा शिधा ह्यांवरचा खर्च होऊन गेलेला असतो. तो भरून निघणार की नाही, हे जाळे कोठे पडते ह्यावर अवलंबून असते. पूर्वी हा निर्णय तांडेल पाण्याचा रंग, पक्ष्यांची झेप, भरती-ओहोटीची ओढ आणि वाडवडिलांनी सांगितलेल्या खुणा ह्यांवरून घेत असे. आजही तो ह्या गोष्टी पाहतोच. परंतु त्याच्यासमोर आता एक लहानसा प्रकाशमान पडदाही असतो. पाण्याची खोली, तळाचा चढउतार आणि मधल्या पाण्यातील माशांचा थवा त्या पडद्यावर उमटतो. ह्या यंत्राला फिश फाइंडर, म्हणजे मत्स्यशोधक, असे म्हणतात.

असा हा पडदा ऐन वेळी काळा पडला म्हणजे काय होते, ते बंदरावर नेहमी ऐकू येते. नाव धक्क्याला असताना यंत्र उत्तम चालत होते. समुद्रात गेल्यावर ते आपोआप बंद पडू लागले. मग त्यावर चार थापा बसतात, बटणे दाबून पाहिली जातात आणि अखेर ते काढून दुरुस्तीसाठी शहरात पाठविले जाते. पंधरा दिवसांनी ते 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येते, जागेवर बसते, आणि तिसऱ्या फेरीला पुन्हा बंद पडते. पुष्कळदा पुढची पायरी नवे यंत्र विकत घेण्याची असते, आणि तेही काही दिवसांनी जुन्याच्याच वाटेने जाते. ह्या साऱ्या प्रकारात एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. यंत्र निर्दोष आहे. बॅटरीपासून यंत्रापर्यंत आणि यंत्रापासून पुन्हा बॅटरीपर्यंत जाणारी विजेची वाट मात्र कोठेतरी खचलेली आहे.

ही वाट कशी तपासावी, हे समजण्यासाठी यंत्राला वीज कशाकरिता लागते ते प्रथम पाहिले पाहिजे. पाण्यातून ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. १८२६ साली कोलाडों आणि स्टुर्म ह्या दोघांनी जिनीव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला होता. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर भरतो. नावेच्या तळाशी बसविलेला संवेदक विजेच्या झटक्याने कंप पावतो, ध्वनीचा एक स्पंद खाली सोडतो आणि तळावरून किंवा माशांवरून परत आलेला प्रतिध्वनी टिपून त्याची पुन्हा वीज करतो. पाणी ३० मीटर खोल असेल तर स्पंदाला जाऊन येण्यास सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो; एवढ्या अल्प काळावरून यंत्र खोली काढते. माशाच्या पोटातील हवेची पिशवी ध्वनी चांगला परतविते, म्हणून थवा पडद्यावर दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली असे यंत्र मच्छीमारांसाठी बाजारात आणले, आणि तेथून त्याचा प्रसार झाला.

ह्यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, ध्वनीचा स्पंद सोडताना यंत्राला क्षणभर अधिक शक्ती लागते, पडद्याचा प्रकाश वाढविला तरी अधिक लागते, आणि आतील सूक्ष्म मंडलांना तर दाब एका मर्यादेखाली गेलेला मुळीच चालत नाही. बहुतेक लहान यंत्रे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि दाब साधारणतः १० ते ११ व्होल्टच्या खाली उतरला की स्वतःला बंद करून घेतात. नेमकी मर्यादा यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेली असते. दिवा अशा वेळी नुसता मंद होतो, पंप नुसता सावकाश फिरतो. मत्स्यशोधक मात्र डोळे मिटतो. म्हणूनच नावेवरील इतर सर्व उपकरणे चालत असताना तेच एक बिघडल्यासारखे वाटते.

आता दाब कमी का होतो? ह्याचे उत्तर गेऑर्ग ओहम ह्या जर्मन शिक्षकाने १८२७ साली देऊन ठेवले आहे. तारेतून प्रवाह वाहू लागला की तारेच्या रोधामुळे वाटेत काही दाब खर्ची पडतो. प्रवाह जितका मोठा आणि रोध जितका अधिक, तितकी घट अधिक. पाटाच्या पाण्याशी ह्याची तुलना करता येईल. पाट मध्येच गाळाने अरुंद झाला असेल, तर वरच्या अंगाला पाणी तुडुंब दिसते आणि शेवटच्या वाफ्यात मात्र थेंबथेंब पोहोचते. फरक एवढाच की, पाटाचे पाणी शेतात मुरते. वीज मात्र आली तशी परत गेली पाहिजे. परतीची वाट तुंबली तरी परिणाम तोच होतो.

ह्या नियमातूनच एक फसवणूक उद्भवते. समजा, एखाद्या नावेवर फ्यूजच्या पकडीत जंगाल साचून तेथे १ ओहमचा रोध निर्माण झाला आहे. यंत्राच्या मागची जोडणी काढून तिच्या टोकांना मीटर लावला, तर तो १२.६ व्होल्ट दाखवितो, आणि 'वीज बरोबर येत आहे' असा निर्वाळा दिला जातो. परंतु मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, आणि प्रवाह नाही तेथे घटही नाही. यंत्र जोडून चालू केले आणि त्याने २ अँपिअर प्रवाह घेतला की त्या एका पकडीत २ व्होल्ट खर्ची पडतात आणि यंत्राला १०.६ व्होल्टच मिळतात. म्हणजे जोडणी सुटी असताना घेतलेले माप बिनचूक असूनही निरुपयोगी ठरते. वाहती वीज मोजल्याशिवाय दोष सापडत नाही, ही ह्या विषयातील पहिली शिकवण होय.

तपासणीला आरंभ करताना बिघाडाचे लक्षण नीट विचारून घ्यावे, कारण लक्षणावरूनच अर्धी दिशा कळते. यंत्र मुळीच चालू होत नसेल, तर वाट कोठेतरी पूर्ण तुटलेली असते: फ्यूज वितळलेला, तार निखळलेली किंवा धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झालेली. यंत्र चालू होऊन मध्येच बंद पडत असेल, प्रकाश वाढविताच किंवा नाव हेलकावताच विझत असेल, तर वाट तुटलेली नसून अरुंद झालेली असते. आणि यंत्र चालू राहूनही पडद्यावर रेघा व ठिपके उठत असतील, तर वाटेने विजेबरोबर आणखी काहीतरी येत असते.

पहिली पायरी बॅटरीची. शिशाच्या बॅटरीचा शोध गास्ताँ प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली लावला, आणि तिचा स्वभाव तेव्हापासून फारसा बदललेला नाही. काही तास विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ व्होल्टला ती निम्म्यावर आलेली असते, आणि १२ च्या खाली गेली की तिच्या भरवशावर समुद्रात जाऊ नये. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यावयास हवा. तो वर चढत नसेल तर बॅटरी भरणारी यंत्रणाच आजारी आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट साका साचला असेल तर तो आधी काढावा, टोके घासून चकचकीत करावीत आणि घट्ट आवळून वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. बॅटरी भरताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून हे काम इंजिन बंद करून, हवा खेळती ठेवून आणि ऋण टोक प्रथम सोडवून करावे.

दुसरी पायरी यंत्राच्या बाजूची. येथे प्रत्यक्ष यंत्राऐवजी मोटारीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा जोडून पाहणे सोयीचे असते. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणजे लहान यंत्राइतकाच भार वाटेवर टाकतो, आणि बिघडला तरी फार मोठा तोटा होत नाही. दिवा पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांमधील दाब मोजावा आणि त्याच वेळी बॅटरीचा दाबही मोजावा. दोहोंतील अंतर म्हणजे वाटेतील गळती. महत्त्वाच्या उपकरणांच्या बाबतीत ही गळती ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ०.३६ व्होल्टपेक्षा, अधिक होऊ देऊ नये असा संकेत आहे.

तिसरी पायरी गळतीची जागा शोधण्याची. दिवा पेटता ठेवूनच मीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी दिव्याच्या धन टोकावर ठेवावी. मीटर जो आकडा दाखवील तो केवळ जाणाऱ्या वाटेतील घट होय. मग एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी दिव्याच्या ऋण टोकावर ठेवली की परतीच्या वाटेतील घट मिळते. ज्या बाजूचा आकडा मोठा, त्या बाजूने बॅटरीकडे एकेक सांधा पार करीत जावे: फ्यूजच्या दोन अंगांना, खटक्याच्या दोन अंगांना, प्रत्येक जोडाच्या दोन अंगांना सळया टेकवाव्यात. निरोगी सांध्यावर व्होल्टचा काही शतांश भागच दिसतो. जेथे आकडा एकदम अर्ध्या किंवा एक व्होल्टवर उडी घेईल, तेथे दोष आहे. ह्यात अंदाजाला वाव नाही, आणि एक तारही विनाकारण तोडावी लागत नाही. दोष फक्त लाटांवर प्रकट होत असेल, तर धक्क्यावर मीटर लावून तार आणि सांधे हाताने हळूहळू हलवावेत. आकडा थरथरला की जागा सापडली.

बंदरांवर परतीच्या वाटेकडे विशेष दुर्लक्ष होते, आणि त्याला कारण आहे. विजेचे काम करणारा कारागीर पुष्कळदा ट्रक आणि मोटारी दुरुस्त करून हात बसलेला असतो. मोटारीत लोखंडी सांगाडाच परतीच्या तारेचे काम करतो. ऋण टोक जवळच्या एखाद्या बोल्टला बांधले की झाले. लाकडाच्या किंवा फायबरच्या नावेला असा सांगाडा नसतो. मग ती तार इंजिनाच्या एखाद्या रंग चढलेल्या, गंजक्या बोल्टला बांधली जाते, आणि इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीचा प्रचंड प्रवाहही त्याच वाटेने जातो. मत्स्यशोधकाच्या दोन्ही तारा सरळ बॅटरीपर्यंत, किंवा बॅटरीला जाड तारेने जोडलेल्या मुख्य पट्टीपर्यंत, जोडीने नेणे हाच ह्यावरील उपाय. तारांच्या रंगावर विसंबू नये. लाल ती धन हा सर्वसाधारण प्रघात असला, तरी जुन्या नावेवर कोणी कोणती तार जोडून ठेवली आहे ते मीटरच सांगू शकतो.

तारेची जाडीही अशीच उपेक्षित राहते. बॅटरीपासून केबिनपर्यंत तारेची वाट १० मीटर धरली, तर जाऊन-येऊन ती २० मीटर होते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीत सुमारे ०.३४ ओहम रोध होतो आणि २ अँपिअरला जवळजवळ ०.७ व्होल्ट घट येते, म्हणजे संकेताच्या दुप्पट. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली की घट ०.२८ व्होल्टवर येते. तारेत वाचविलेले थोडे पैसे अशा रीतीने समुद्रावर अनेक पटींनी मोजावे लागतात.

परंतु सर्वांत मोठा शत्रू आहे तो खारा वारा. तांब्यावर मीठ आणि ओल बसली की त्याचे जंगाल होते. ते तारेच्या उघड्या टोकातून आवरणाच्या आत शिरते आणि हातभर अंतरावरचे तांबेही काळवंडून टाकते. ओलसर जागी धन बाजूची तार विजेच्या क्रियेने अधिक लवकर झिजते. म्हणून नावेच्या तळाशी जेथे पाणी साचते तेथे सांधा मुळीच असू नये. काळवंडलेली तार नुसती खरवडून भागत नाही; चकचकीत तांबे लागेपर्यंत ती मागे कापावी किंवा बदलावी. घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई का करतात, हे मराठी गृहिणीला सांगावे लागत नाही. नावेसाठी तशीच कल्हई केलेल्या, म्हणजे प्रत्येक धाग्यावर कथलाचा थर दिलेल्या, तांब्याच्या तारा मिळतात. त्या महाग पडतात, परंतु कितीतरी अधिक टिकतात. तारा पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळणे हा नावेवरचा सर्वांत वाईट सांधा होय. नुसता डाख दिलेला सांधाही हादऱ्यांनी डाखाच्या कडेशी मोडतो. योग्य मापाचे टोक हत्याराने दाबून बसवावे आणि वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. यंत्राकडे जाणाऱ्या तारेला मागील बाजूस खाली एक झोल ठेवला, तर तारेवरून ओघळणारे पाणी जोडणीत न शिरता तेथूनच खाली गळते.

येथवरच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण होऊनही यंत्र इंजिन सुरू करतानाच बंद पडत असेल, तर सांध्यांना दोष देऊ नये. इंजिन फिरविणारी मोटार क्षणभर शेकडो अँपिअर ओढते आणि बॅटरीचाच दाब १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. इंजिन सुरू झाल्यावर मग यंत्र लावणे हा बिनखर्ची उपाय. यंत्रासाठी वेगळी लहान बॅटरी ठेवणे हा कायमचा. मोठ्या नावांवर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तेथे १२ व्होल्टच्या यंत्राला त्यांपैकी एकाच बॅटरीवरून वीज देण्याची खोड आढळते. त्यामुळे एक बॅटरी नेहमी अर्धपोटी राहते, दुसरी प्रमाणाबाहेर भरली जाते, आणि दोघीही लवकर निकामी होतात. असे यंत्र दाब उतरविणाऱ्या परिवर्तकावर चालवावे.

पडद्यावरील रेघांची परीक्षाही सोपी आहे. इंजिन बंद असताना पडदा स्वच्छ आणि चालू होताच रेघाळलेला, असे होत असेल, तर यंत्र थोडा वेळ एका सुट्या बॅटरीवर चालवून पाहावे. रेघा गेल्या तर त्या वीजपुरवठ्याच्या तारांतून येत होत्या. यंत्राच्या तारा इतर उपकरणांपासून वेगळ्या करून थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात. रेघा राहिल्या तर त्या संवेदकाच्या तारेत शिरत आहेत. ती तार पंप, इंजिन आणि वायरलेस ह्यांच्या तारांपासून दूर न्यावी.

ह्या सर्व दोषांत यंत्र बंद पडते, फेरी फुकट जाते. पण माणूस सुखरूप राहतो. एक चूक मात्र अशी आहे की तिची किंमत नावेने मोजावी लागते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळला जातो. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट, त्याने हाताला झटकाही बसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु धन तार कोठे घासून ऋण तारेला टेकली, तर तीच बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह सोडते. बारीक तार लालभडक होते, आवरण पेट घेते, आणि जवळपास डिझेल व तेलकट चिंध्या असतात. किनाऱ्यापासून दूर लागलेल्या आगीत पळून जाण्यास जागा नसते. फ्यूज हा मुख्यतः तारेचा पहारेकरी आहे. तो बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका जवळ असावा, पुस्तिकेत सांगितलेल्याच मापाचा असावा, आणि तो पुन्हा पुन्हा जात असेल तर काहीतरी सांगू पाहतो आहे असे समजून तार तपासावी.

हे सारे काम करण्याची वेळ निसर्गानेच ठरवून दिली आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नावा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. त्या विश्रांतीच्या काळातच दमट हवा सांध्यांवर आपले काम मुकाट्याने करीत असते. म्हणून नाव उभी करताना यंत्र काढून कोरड्या जागी ठेवावे, बॅटरी मधूनमधून भरावी, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास जाळी व दोर तपासले जातात त्याच वेळी विजेची वाटही तपासावी. मीटर साधा आणि स्वस्त असला तरी चालतो. एका वहीत चार आकडे लिहून ठेवावेत: बॅटरीचा विसावलेला दाब, इंजिन चालू असतानाचा दाब, जाणाऱ्या वाटेतील घट आणि परतीच्या वाटेतील घट. पुढच्या वर्षी तेच आकडे पुन्हा घेतले की कोणता सांधा खचू लागला आहे हे तो तुटण्यापूर्वीच कळते, आणि नवा खलाशी किंवा नवा कारागीर आला तरी त्याला अंधारात चाचपडावे लागत नाही.

पाण्याखाली काय आहे हे शिशाचे वजन बांधून सोडलेल्या दोरीने वाव मोजून ओळखणाऱ्या पिढीला तो दोर कोठे विरला आहे, कोठे गाठ सैल झाली आहे, हे नजरेने आणि बोटांनी समजत असे. दोर सोडण्यापूर्वी तो चाचपून पाहण्याची तिची सवय होती. विजेची तार बाहेरून धडधाकट दिसते आणि तिचे विरणे बोटांना लागत नाही. ते मीटरच्या दोन सळयांना लागते, तेही तारेतून वीज वाहत असेल तेव्हाच. दोर चाचपण्याची ती जुनी सवय तारेच्या बाबतीत लागली, तर पुष्कळशी यंत्रे शहराची वारी न करता आपल्या जागी राहतील, आणि जाळे टाकण्याच्या घटकेला तांडेलासमोरचा पडदा उजळलेला असेल.